कुंपणाने कोकण राखलं जाणार नाही

2023 च्या एप्रिलमध्ये राजापूर तालुक्यातल्या बारसूच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, रिफायनरी प्रकल्पाच्या माती परीक्षणासाठी यंत्रं आली. गावच्या बायका रस्त्यावर आडव्या झाल्या, पोलीस आले, अश्रुधूर सुटला, आणि पुढे कितीतरी दिवस महाराष्ट्रात एकच वाद गाजत राहिला: विकास हवा की निसर्ग? त्यात मध्येच कातळशिल्पांचा, म्हणजे सड्यावर कोरलेल्या प्राचीन चित्रांचा, विषय आला. रिफायनरीच्या बाजूचे म्हणाले, शिल्पांची जागा वगळू, तिला संरक्षण देऊ, मग तक्रार कशाची? विरोधातले म्हणाले, कोकण आहे तसं राहू द्या. प्रकल्पाची चर्चा त्यानंतर कधी थंडावली, कधी पुन्हा उठली. वाद मात्र त्याच दोन वाक्यांत अडकून राहिला आहे.

मला ही दोन्ही वाक्यं अपुरी वाटतात. पहिल्यात असं गृहीत धरलंय की वारसा म्हणजे कापून वेगळा काढता येणारा जमिनीचा तुकडा. दुसऱ्यात असं, की कोकण आजवर कुणीही हात न लावता राहिलं आहे. सडा, समुद्र आणि त्यांवर माणसाने सोडलेल्या खुणा या तीन वेगळ्या मालमत्ता नाहीत. त्या तीन खात्यांत वाटून राखता येत नाहीत. ज्यांचं रोजचं जगणं त्यांवर चालतं, त्यांच्या हाती कायद्याने हक्क आणि त्याच कायद्याने जबाबदारी दिल्याशिवाय त्या टिकणार नाहीत, असं माझं ठाम मत आहे. राखायचं की नाही, यावर आपण फार भांडलो. कुणी राखायचं, कोणत्या अधिकाराने, आणि राखण्याची किंमत कुणी सोसायची, यावर भांडण व्हायला हवं होतं.

आधी सडा म्हणजे काय ते पाहू, कारण मुंबई-पुण्यात बसून बोलणाऱ्यांना तो बहुधा मे महिन्यातल्या फोटोतून माहीत असतो: काळपट तांबडा, उघडा, तापलेला कातळ. महसुलाच्या कागदातही तो तसाच दिसतो. सातबाऱ्यावर त्यातला मोठा भाग पोटखराब म्हणून लागतो, म्हणजे लागवडीला नालायक. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशातही उघडा खडक पडीकच मोजला जातो. पण जून लागला की हाच जांभा कातळ पाणी पितो. भेगांतून, छिद्रांतून उतरलेलं पाणी खालच्या चिकणमातीच्या थरावर अडतं आणि सड्याच्या कडेला, वाडीच्या वरच्या अंगाला, झऱ्याच्या रूपाने बाहेर येतं. कोकणातल्या कित्येक वाड्यांची विहीर आणि पऱ्या, म्हणजे ओढा, या सड्याच्या जिवावर मार्चपर्यंत तग धरतात. कातळावरच्या खळग्यांत साचलेल्या पाण्यात किडे खाणाऱ्या वनस्पती उगवतात, दीपकाडीसारखी फक्त याच भागात सापडणारी फुलं येतात, मातीच्या पातळ थरावर नाचणी आणि भात होतो, पावसाळा सरला की गवत कापलं जातं, गुरं चरतात. जिथे दरवर्षी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तिथे एप्रिलमध्ये टँकर का लागतात, असा प्रश्न आपण दर उन्हाळ्यात विचारतो. त्या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग सड्यावर आहे, आणि त्या सड्याला आपण कागदोपत्री नालायक ठरवून बसलो आहोत.

याच कातळावर शिल्पं आहेत. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांनी वर्षानुवर्षं रत्नागिरी जिल्ह्यातले सडे पालथे घालून ती नोंदवली. आता ती हजाराच्या वर गेली आहेत. कशेळीत साधारण अठरा मीटर लांबीचा हत्ती आहे आणि त्याच्या अंगात इतर प्राणी कोरलेले आहेत. कुठे गेंडा आहे, कुठे पाणघोडा. आज कोकणात नसलेले हे प्राणी कोरणाऱ्याने पाहिले असतील, तर तेव्हाचं हवामान, गवताळ राने, पाणथळी सगळंच वेगळं असलं पाहिजे. बारसूत दोन्ही बाजूंना वाघासारखे प्राणी आणि मध्ये माणूस अशी रचना आहे, जिचं नातं अभ्यासक सिंधू संस्कृतीच्या मुद्रांशी जोडून पाहतात. 2022 साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत कोकणातल्या नऊ जागा गेल्या: रत्नागिरी जिल्ह्यातल्या सात, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यात कुशावती नदीकाठचं पणसायमळ. ही शोधमोहीम कशी झाली, हेही महत्त्वाचं आहे. उपग्रहाने नाही, गुराख्यांना आणि म्हाताऱ्या माणसांना विचारून. गावाला ही चित्रं माहीत होती. पांडवांनी काढली असं कुणी सांगे. एका जागेला देवाचे गोठणे हे नाव आहेच. पणसायमळची शिल्पंही 1990 च्या दशकात स्थानिक माणसांनीच अभ्यासकांना दाखवली. म्हणजे संशोधन सुरू झालं तेव्हा राखलेली माहिती आधीच तिथे होती. ती कोणत्या खात्याच्या नोंदवहीत नव्हती, एवढंच.

आता अशा शिल्पाभोवती शंभर मीटरचं कुंपण घातलं आणि पलीकडे कारखाना उभारला, तर नेमकं काय वाचतं? रेषा वाचतात. ज्या उघड्या, विस्तीर्ण पठारावर उभं राहून कुणी ती कोरली, ते पठार जातं. पावसाचं पाणी ज्या वाटेने शिल्पावरून वाहून कडेच्या झऱ्याला मिळतं, ती वाट जाते. तिथे गुरं घेऊन येणारा माणूस जातो, आणि त्याच्याबरोबर ती जागा ओळखणारी शेवटची पिढीही.

समुद्राच्या बाजूला याहून वाईट अवस्था आहे. मालवणसमोरचं कुरटे बेट घ्या. 1664 साली शिवाजी महाराजांनी तिथे सिंधुदुर्गाचा पाया घातला. किल्ला भारतीय पुरातत्त्व खात्याकडे आहे. किल्ल्याभोवतीचा समुद्र 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, एकूण 29.12 चौरस किलोमीटर, म्हणजे तो वनखात्याकडे. त्याच पाण्यातली मासेमारी 1981 च्या सागरी मासेमारी कायद्याखाली मत्स्यव्यवसाय खात्याकडे. प्रवासी होड्या मेरिटाइम बोर्डाकडे. किनाऱ्यावरचं बांधकाम किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांखाली. 2025 साली मराठ्यांच्या लष्करी वारशाचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यात सिंधुदुर्ग आहे, म्हणून आता युनेस्कोही. एका खडकाला इतके धनी. आणि ज्याचा आजा त्या खडकाभोवती जाळं टाकत होता, किंवा जो आज पर्यटकांना प्रवाळ दाखवून घर चालवतो, त्याचं नाव यातल्या कुठल्या कागदात आहे? अभयारण्याला मालवणच्या मच्छीमारांनी सुरुवातीपासून विरोध केला तो प्रवाळाचं वैर म्हणून नव्हे. त्यांना न विचारता त्यांच्या पाण्यावर रेषा ओढली गेली होती. चाळीस वर्षं होत आली, त्या रेषेवरचा अविश्वास अजून पुरता मिटलेला नाही.

हा अविश्वास नवा नाही. वासाहतिक सरकारने जंगलखातं उभारलं, डोंगर, टेकड्या, पडीक जमिनी आणि गायरानं त्यात ओढून घेतली, तेव्हा शेतकऱ्याची गुरं उपाशी पडली, अशी तक्रार महात्मा फुल्यांनी 1883 मध्येच मांडली होती. 1930 च्या 25 सप्टेंबरला उरणजवळच्या चिरनेरला लोक जंगल सत्याग्रहासाठी अक्कादेवीच्या डोंगरावर जमले, गोळीबार झाला, माणसं मेली. त्या माणसांना डोंगर तोडून टाकायचा नव्हता. आपल्या डोंगरातली काटकी आणण्यासाठी आपणच गुन्हेगार ठरतो, याचा संताप होता. उलट बाजूने मुळशी पाहा. 1921 मध्ये टाटांच्या धरणाविरुद्ध मावळे सेनापती बापटांच्या मागे उभे राहिले. तेव्हाचा युक्तिवादही आजच्यासारखाच होता: मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी, थोड्या गावांनी सोसावं. एकदा संरक्षणाच्या नावाने, एकदा विकासाच्या नावाने, निर्णय मात्र दोन्ही वेळा वरून. बारसूत ज्या बायका रस्त्यावर पडल्या, त्यांनी हा इतिहास वाचला असेल असं नाही. त्यांना तो अनुभवाने ठाऊक होता.

याहून वेगळी रीत आपल्याकडे कधी नव्हतीच, असं मात्र नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड कसं आणावं याचे नियम आहेत. आंबा-फणसाच्या झाडांना हात लावू नये, कारण ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने लेकरांसारखी वाढवलेली असतात. फारच जीर्ण झालेलं झाड हवं असेल, तर धन्याला राजी करून, द्रव्य देऊन, त्याच्या संतोषाने न्यावं. आरमार ही त्या राज्याची सगळ्यात निकडीची गरज होती. तरी गरजेच्या वर मालकाचं राजी असणं ठेवलं. तीनशे वर्षांपूर्वीच्या राजवटीला आदर्श ठरवायचा माझा हेतू नाही, तिच्यात अन्यायही भरपूर होते. पण राज्याची निकड आणि रयतेची संमती एकत्र नांदू शकतात, हे तेव्हाच्या कारभाऱ्याला सुचत होतं, तर आज का सुचू नये?

इथे विरोधी बाजूचे मुद्दे यायला हवेत, आणि ते कमकुवत नाहीत.

पहिला मुद्दा मलाही टोचतो. कातळशिल्पं कुणी फोडली? रिफायनरीने तर नाही. जांभ्याच्या चिरेखाणींत, म्हणजे बांधकामाचा दगड काढणाऱ्या खाणींत, किती सडा गेला याचा हिशेब मांडला तर लाज वाटेल. हापूसच्या कलमांसाठी कातळात सुरुंग लावून खड्डे पाडले गेले, जेसीबी फिरले, रस्ते झाले, घरांचे पाये खोदले गेले. जमीन विकणारे बहुतेक इथलेच होते. समुद्रात पर्ससीन जाळ्यांनी तारली आणि बांगड्याचे थवेच्या थवे उचलणारे सगळे परराज्यातले नाहीत. रत्नागिरीच्या बंदरांतच त्या नौका बांधलेल्या दिसतात. किनाऱ्यावर कासवांची अंडी वर्षानुवर्षं गावकरीच उकरून नेत. मग याच लोकांच्या हाती राखण द्यायची?

द्यायची, आणि त्याचं कारण रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासमध्ये आहे. 2002 च्या सुमारास चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेची माणसं, भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी, समुद्री गरुडांच्या अभ्यासासाठी किनाऱ्यावर फिरत होती. त्यांना ऑलिव्ह रिडले कासवांची फोडलेली घरटी दिसली. पोलीस आणून किंवा किनाऱ्याला तारा मारून त्यांनी काम सुरू केलं नाही. गावातल्याच तरुणांना घेऊन घरटी शोधली, जाळीच्या सुरक्षित आवारात अंडी हलवली, पिल्लं सोडली. पुढे कासव महोत्सव सुरू झाला, पाहुणे गावातल्या घरांत उतरू लागले, जेवणाचे आणि राहण्याचे पैसे थेट त्या घरांत गेले. अंडी नेणारा गाव अंड्यांचा पहारेकरी झाला. आंजर्ल्यासह इतर किनाऱ्यांवरही हे काम पसरलं. त्या गावात माणसं बदलली नव्हती. त्यांना कासवातून काय मिळतं, एवढंच बदललं होतं. सड्याच्या मालकाचंही तसंच आहे. त्याच्या सातबाऱ्यावर पोटखराब आहे, चिरा काढला तर पैसे मिळतात, विकला तर जास्त मिळतात, आणि राखला तर काहीच मिळत नाही. जमीन संपादित करायची असेल तर सरकार मोबदला मोजतं. शिल्प, झरा आणि गवत तसंच ठेवलं म्हणून दरवर्षी काही द्यायची तरतूद मात्र नाही. अशा वेळी माणसाने चिरेखाण चालू केली, तर फक्त त्याच्या चारित्र्याला दोष देऊन काय होणार?

शिवाय कोकणातली जमीन एकेका माणसाची असते कुठे? खोतीने, म्हणजे महसूल गोळा करणाऱ्या खोतांच्या जमीनदारीने, आणि नंतरच्या वाटण्यांनी एकेका सातबाऱ्यावर दहा-वीस नावं चढली आहेत. त्यातले अर्धे मुंबईत, काही हयात नाहीत. बारा भावांतला एक भाऊ परस्पर व्यवहार करतो आणि गावात राहणाऱ्याला जेसीबी आल्यावर कळतं. म्हणून मी वैयक्तिक मालकी पुरेशी मानत नाही. चरण्याचा, गवताचा, पाण्याचा वापर सड्यावर पूर्वापार सामायिक आहे. त्या वापराचा हक्क कायद्याने गावाच्या नावे लागला, तर एकट्या विक्रेत्याच्या सहीला अडवण्याची ताकद येते.

दुसरा मुद्दा याहून कठीण आहे. गाव म्हणजे कोण? गावकी गोड असते असं समजणाऱ्याने रायगड-रत्नागिरीतल्या वाळीत प्रकरणांकडे पाहावं. सण वेगळा केला, लग्न मनाजोगतं केलं नाही, पंचांचं ऐकलं नाही, म्हणून कुटुंबंच्या कुटुंबं तोडली गेली. महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध 2016 चा स्वतंत्र कायदा करावा लागला, तो कोकणातल्या अशा प्रकरणांची पार्श्वभूमी होती म्हणूनही. आणि खोतीची आठवण असलेल्या कुळाच्या नातवाला कुणी सांगितलं, की गावचे जाणते ठरवतील, तर त्याच्या मनात काय येईल? अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी 1933 पासून वर्षानुवर्षं शेती न करता संप चालवला, डॉ. आंबेडकरांनी 1937 मध्ये खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं, तेव्हा लढाई गावातल्याच सत्तेविरुद्ध होती. हे मी पूर्ण मान्य करतो. जुनी गावकी परत आणा, अशी मागणी कुणी केली तर मी तिच्या विरोधात उभा राहीन.

पण ग्रामसभा आणि गावकी एक नाहीत. वनहक्क कायद्याच्या 2012 च्या सुधारित नियमांत ग्रामसभेला निम्म्या सभासदांची हजेरी लागते आणि हजर असणाऱ्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया लागतात. निर्णय लेखी होतो, त्यावर अपील करता येतं. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला 2009 मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. 2011 मध्ये स्वतःचा बांबू स्वतः विकायचा परवाना मिळाला. त्या जंगलावर गावाचा हिशेब उघड मांडला जातो आणि निर्णय सर्वसहमतीने होतात. जंगल संपलं का? वनखातं कागद कारखान्यांना बांबू तोडायला देत होतं त्या काळाशी तुलना केली, तर उत्तर गावाच्या बाजूचं आहे. देवरायांचंही तसंच. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी 1970 च्या दशकात देवरायांचा अभ्यास केला तेव्हा त्यांना दिसलं, की आजूबाजूचं जंगल सरकारी राहून उतरलं आणि ही छोटी झाडी गावाच्या हाती राहून टिकली. दोडामार्ग तालुक्यातल्या बांबर्ड्याची जायफळवर्गीय झाडांची दलदल अडीच हेक्टरांच्या आसपास आहे. गावाने देवराई म्हणून राखली म्हणूनच ती आज जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर करता आली. साधनसंपत्ती सामायिक असली की तिची लूट ठरलेली, या समजुतीला उत्तर देणाऱ्या अभ्यासासाठी एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना 2009 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. मालवणच्या रापणकराला ते अभ्यासाशिवाय माहीत आहे. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं मोठं जाळं, ओढायला आलेल्या प्रत्येकाचा वाटा त्यात ठरलेला असतो.

तिसरा मुद्दा समुद्राचा. सड्याला हद्द असते, माशाला नसते. मालवणच्या सगळ्या मच्छीमारांनी नियम पाळले आणि कर्नाटकातल्या मलपीचे वेगवान ट्रॉलर रात्री येऊन सगळं ओरबाडून गेले, तर नियम पाळणाऱ्याचंच नुकसान. खरं आहे. म्हणूनच मी राज्याला बाजूला व्हायला सांगत नाही. पर्ससीन मासेमारीवरच्या सोमवंशी समितीच्या अहवालानंतर 5 फेब्रुवारी 2016 ला राज्याने पर्ससीनवर बंधनं घातली, हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर ठरवला, नवे परवाने थांबवले. केंद्राने नोव्हेंबर 2017 मध्ये एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी आणली. कागदावर हे सगळं पारंपरिक मच्छीमाराच्या मागणीप्रमाणेच आहे. मग दर हंगामात सिंधुदुर्गातल्या मच्छीमारांना स्वतः समुद्रात जाऊन नौका का अडवाव्या लागतात? गस्तीच्या नौका अपुऱ्या आहेत, कारवाई उशिरा होते, आणि ज्याने पाहिलं त्याच्या साक्षीला फारसं वजन नाही. राज्याकडे बळ आहे पण डोळे नाहीत. मच्छीमाराकडे डोळे आहेत पण बळ नाही. हे दोन्ही जोडणं एवढंच उरलं आहे. एक गोष्ट राज्याने चांगली केली, ती सांगायला हवी. 2018 च्या अखेरीस जाळ्यात सापडलेलं कासव किंवा इतर संरक्षित जीव जाळं कापून सोडणाऱ्या मच्छीमाराला 25 हजारांपर्यंत भरपाई द्यायची योजना सुरू झाली. दंडाऐवजी भरपाई आल्यावर मच्छीमार आपणहून जाळी कापू लागले, फोटो काढून पाठवू लागले. राखण्याचा खर्च समाजाने उचलला की काय होतं, याचा याहून स्वच्छ पुरावा नको.

आणि पावसाळी बंदी पाहा. 1 जून ते 31 जुलै हा सरकारी नियम. त्याच्या कितीतरी आधीपासून कोळी नारळी पौर्णिमेला नारळ सोडूनच होडी पाण्यात लोटत आले आहेत. माशांच्या विणीचा काळ, खवळलेला समुद्र आणि देवाचं काम, तिन्ही एका तिथीत बसलेलं होतं. नारळी पौर्णिमा बहुतेक वर्षी ऑगस्टमध्ये येते. 31 जुलैला बंदी उठते, मोठ्या यांत्रिक नौका धावतात, आणि पौर्णिमा पाळणारा मागे राहतो. बंदी मध्य ऑगस्टपर्यंत वाढवा ही मागणी मच्छीमारांतूनच आलेली आहे. संस्कृतीचं संवर्धन म्हणजे कोळीनृत्याचा कार्यक्रम, असं ज्यांना वाटतं त्यांनी या दोन आठवड्यांचा विचार करावा.

राहिला रोजगाराचा मुद्दा. सगळ्यात जास्त आदराने ऐकावा असा हाच आहे. 2011 च्या जनगणनेत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या 2001 पेक्षा कमी झालेली आढळली. रत्नागिरीत हजार पुरुषांमागे 1122 स्त्रिया होत्या, कारण पुरुष मुंबईत होते. गणपतीला आणि शिमग्याला भरणारी आणि एरवी कुलपं लागलेली घरं दाखवून कुणी विचारलं, की हे सडे आणि झरे राखायचे कुणासाठी, तर त्याला निसर्गद्रोही म्हणणं अन्यायाचं आहे. कोकणात उद्योग नकोच, असं मी म्हणत नाही. पण मोठ्या प्रकल्पाने गाव भरलं, याचं उदाहरण कोकणात दाखवा. एन्रॉनचा दाभोळ प्रकल्प 1999 मध्ये सुरू झाला आणि 2001 मध्ये बंद पडला. लोटे परशुरामच्या रासायनिक वसाहतीने नोकऱ्या दिल्या, त्याबरोबर दाभोळ खाडीतल्या मच्छीमारांच्या हाती मेलेले मासेही दिले. ज्याची उपजीविका गेली आणि ज्याला नोकरी मिळाली, ती माणसं एक नव्हती. रोजगाराचे आकडे मांडताना किती उपजीविका बुडणार याचा आकडा त्याच तक्त्यात का नसतो? हापूसची बाग, काजू, मासळी, घरगुती पर्यटन यांत आधीच राबणाऱ्या माणसांना आपण बेरोजगारांत धरतो, आणि मग त्यांना रोजगार द्यायला निघतो.

कुंपणाबद्दल शेवटचं, कासच्या पठारावरून. 2012 मध्ये ते जागतिक वारशात आलं, गर्दी वाढली आणि फुलं वाचवण्यासाठी तारेचं कुंपण घातलं गेलं. गर्दी थांबवायला काहीतरी करणं भागच होतं, हे मान्य. पण कुंपणाने गुरंही बाहेर राहिली. चराई थांबली, उंच गवत माजलं, बुटक्या फुलझाडांचा बहर घटल्याच्या तक्रारी गावकऱ्यांनी आणि अभ्यासकांनी केल्या, आणि अखेर ते कुंपण काढावं लागलं. गुरं, गुराखी आणि फुलं हा एकच व्यवहार होता. त्यातलं एक टोक कापल्यावर दुसरं सुकलं. उलट रत्नागिरी जिल्ह्यातल्या उक्षीच्या कातळावर कोरलेल्या हत्तीभोवती गावकऱ्यांच्या पुढाकाराने गोल कठडा उभा राहिला, तो पायाखाली रेषा झिजू नयेत म्हणून, आणि तिथे राखणारी माणसंही त्याच गावची. माझा आक्षेप दगडाला किंवा तारेला नाही. ती कुणाला बाहेर ठेवण्यासाठी घातली जाते, याला आहे.

तात्पुरत्या यादीतून जागतिक वारशाच्या यादीत जायचं तर कोकणातल्या कातळशिल्पांचा व्यवस्थापन आराखडा लागेल, आणि त्यात स्थानिकांचा सहभाग दाखवावा लागेल. हा आराखडा कोण लिहिणार, हे ठरायची वेळ आत्ता आहे. पश्चिम घाटाचा गाडगीळ समितीचा अहवाल 2011 मध्ये सरकारला मिळाला आणि माहिती अधिकारातली लढाई न्यायालयापर्यंत गेल्यावर 2012 मध्ये लोकांसमोर आला. तोवर त्यात काय आहे यापेक्षा त्यात काय नाही याच्याच अफवा गावोगाव पोचल्या होत्या. सिंधुदुर्गातल्या कित्येक ग्रामसभांनी स्वतःहून ठराव करून संवेदनशील क्षेत्राची मागणी केली होती, ही गोष्ट त्या गदारोळात कुणी ऐकली नाही. कातळशिल्पांच्या वेळी हे टाळायचं असेल तर आराखड्याचा कच्चा मसुदा, अंतिम नव्हे, बारसूच्या, कशेळीच्या, उक्षीच्या, कुडोपीच्या ग्रामसभेत मराठीत वाचला जावा. सड्यावर कुणाची गुरं चरतात, कुणाच्या विहिरीला त्याचं पाणी जातं, पालखी कुठल्या वाटेने जाते, याची नोंद शिल्पाच्या मोजमापाशेजारी व्हावी. चिरेखाण न काढणाऱ्या मालकाला वर्षाकाठी किती मिळणार, तो आकडा आराखड्यात छापलेला असावा. मालवणच्या पाण्यासाठीही पाचही खात्यांच्या अधिकाऱ्यांनी मच्छीमार आणि रापण संघांसोबत एका टेबलावर बसून एकच नियमावली करावी, आणि ती मोडणाऱ्या नौकेचा नंबर टिपणाऱ्या मच्छीमाराची साक्ष कायद्याने ग्राह्य धरावी. यातल्या कशालाच नवं विद्यापीठ, नवं महामंडळ किंवा परदेशी सल्लागार लागत नाही. ग्रामसभेची नोटीस लागते, आणि तिच्यात ठरेल ते मानायची तयारी लागते, उत्तर नकाराचं आलं तरी.